मागे उभं राहण्याबद्दल

मास्तर, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही हयात होतात तेव्हाही आपलं बोलणं धड कधी झालं नाही, मग आता कशाला, असं वाटायचं. आज रविवार आहे. मुलुंडच्या घरात दुपारची जेवणं उरकली आहेत, नवरा पुढच्या खोलीत मॅच लावून झोपला आहे आणि मी ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहिते आहे. उभ्याने लिहायची सवय तुमच्याच गाळ्यातली. तिथे बसायला स्टूल होतं, पण ते तुम्ही कधी कुणाला दिलं नाहीत.

मी घाटकोपरच्या त्या गाळ्यात आले ती लेथ शिकायला नव्हे. बारावी नापास, वय एकोणीस. शेठने मला आणि आमच्या विक्रोळीच्या चाळीतल्या माझ्या मैत्रिणीला तयार भागांच्या कडा कानशीने घासायला ठेवून घेतलं होतं. एक कारागीर गावी गेला तो परतलाच नाही, तेव्हा शेठ तुम्हाला म्हणाला, या पोरींना मशीनवर घ्या. तुम्ही आमच्याकडे असं पाहिलंत, की कुणी तुम्हाला लेथवर पापड वाळत घालायला सांगितलं असावं. मग काही न बोलता आम्हाला मशीनसमोर उभं केलंत. चकमध्ये, म्हणजे लेथच्या त्या गोल फिरणाऱ्या पकडीत, एक लोखंडी तुकडा धरलात, वीतभर लांबीची जड चावी चकच्या भोकात घालून तो आवळलात, चावी काढलीत आणि खांद्याच्या उंचीवरच्या खिळ्याला अडकवलीत. परत काढलीत, तुकडा सोडवलात, परत खिळा. मग चावी माझ्या हातात दिलीत. बस्स. हेच वीस दिवस चाललं, मशीन सुरूसुद्धा न करता.

मैत्रीण नवव्या दिवशी काम सोडून गेली. ती दर वेळी विचारायची, मशीन बंद आहे तर चावी राहिली चकमध्ये, काय बिघडलं? तुम्ही खिळ्याकडे बोट दाखवायचात. ती हुशार होती, मास्तर, माझ्यापेक्षा हुशार. तिला दोन वाक्यांत कारण कळलं असतं तर ती टिकली असती, हे मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. तुमच्या पद्धतीने जे शिकले त्यांच्याकडे बघून सगळे तुमचं कौतुक करतात. जे निघून गेले त्यांना कोण मोजतो?

मी का टिकले, तर रागापोटी. आमच्या घरात 'का' हा शब्द साधा नव्हता. माझे वडील जालन्याकडच्या गावातून येऊन महापालिकेत लागलेले. त्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवरसुद्धा बसू दिलेलं नव्हतं. वडील सांगायचे, कारण न देता कुणी काम सांगितलं की समजायचं, त्याला आपलं डोकं नकोय, नुसता हात हवाय. मी रोज संध्याकाळी घरी जाऊन तुमच्या नावाने बोटं मोडायची आणि वडील म्हणायचे, विचार त्याला, सोडू नको. एकदा मी खरंच विचारलं. सगळ्या गाळ्यादेखत म्हटलं, "मास्तर, मी काय बैल आहे का, की नुसतं गोल फिरवताय?" तुम्ही चष्मा पुसत तुमच्या मालवणीत म्हणालात, "बैल बरो. तेका चावी लावूची नसता." सगळा गाळा हसला. मी रडले नाही, पण तो दिवस मी तुम्हाला कधी माफ केला नाही.

आणि मग एकविसाव्या दिवशी तुम्ही मला मशीन सुरू करू दिलंत. तेव्हापासून दोन-तीन महिने तुम्ही माझ्या मागे उभे असायचात. शब्द नाही. मला फक्त तुमच्या विडीचा वास यायचा. चुकीचा कट घेतला तर घसा खाकरायचात, एवढंच. कधी तरी मी चावी विसरायचीच. बटण दाबायची आणि मशीन सुरूच व्हायचं नाही. जुनं धूड, मला वाटायचं स्टार्टर ढिला असणार. त्याला शिवी घालावी म्हणून वर बघावं तर चावी चकमध्येच. मागून तुमचा आवाज यायचा, "चेडवा, चावी." पोरीला तुमच्या बोलीत चेडवाच. काढून खिळ्याला अडकवली, परत बटण दाबलं, की मशीन चालू. असं किती वेळा झालं असेल? सात-आठ वेळा. मी त्या मशीनला हट्टी म्हणायची आणि माझ्या नशिबाला बलवत्तर. त्यानंतर आजवर माझ्या हातून चावी राहिलेली नाही. झोपेतसुद्धा हात आधी खिळ्याकडे जाईल.

तुमच्या घरातलं सगळं बोलणं काकूंच्या वाट्याला आलं होतं. एकदा कांजूरमार्गच्या तुमच्या खोलीवर त्यांनी मला तांदळाची घावणं शिकवली. पीठ किती पातळ, तवा किती तापवायचा, पहिलं घावण चिकटतंच, ते का चिकटतं, कांद्याने तेल का फिरवायचं, झाकण कधी काढायचं, सगळं कारणासकट. इतकं छान की मी आजही ते शब्दन् शब्द सांगू शकते. आणि माझं घावण आजही तव्याला चिकटतं. तुम्ही कोपऱ्यात बसून माझी फाटलेली घावणं मुकाट खात होतात. आता वाटतं, तुम्ही मनातल्या मनात हसत असणार.

पुढे मी रीतसर प्रमाणपत्र घेतलं, दोन कारखाने केले आणि मग मुलुंडकडच्या एका लहानशा खासगी संस्थेत मुलांना टर्नरचं, म्हणजे लेथचं काम शिकवायची नोकरी मिळाली. ती बातमी सांगायला तुमच्याकडे आले होते. तुम्ही खाटेवर होतात, हातापायाच्या काड्या झालेल्या. पेढे ठेवले आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मास्तर, मी तुमच्यासारखं नाही शिकवणार. मी सगळं समजावून सांगणार. आधी का, मग कसं." मला वाटलं चिडाल. तुम्ही म्हणालात, "सांग. सांगूक होया." मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर माझं मनगट धरून म्हणालात, "पण पाठी उभी रव." मी म्हटलं, हो मास्तर. काकूंनी चहा आणला. अडीच महिन्यांनी तुम्ही गेलात. तुम्हाला ओळखत असल्यापासून तेवढा एकच दिवस असा होता की मला 'का' असा प्रश्न पडला नाही. मला तो आशीर्वाद वाटला होता.

मी बोलल्याप्रमाणे वागले. फळा भरभरून शिकवलं. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं तर काय होतं, तिचं वजन किती, ती कुठल्या दिशेने उडते, सगळं चित्र काढून. मुलं म्हणायची, मॅडम मस्त समजावतात यार. मी विचारायची, समजलं का? हो मॅडम. वह्या सुंदर, उत्तरं तोंडपाठ. आणि मशीनसमोर उभी केली की हात चालायचे नाहीत. पहिली काही वर्षं मला वाटलं की माझं समजावणं कमी पडतंय, म्हणून मी आणखी समजावायची. घोडं कुठे पेंड खातंय ते फार उशिरा कळलं. एकदा एक मुलगा कट घेत होता आणि मी बाजूने बोलत होते, हळू फिरव, कारण असं असं. तर त्याने चाक फिरवत फिरवत मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. चांगल्या घरची मुलं, मोठं माणूस बोलत असलं की त्याच्याकडे बघायचं, हे वळण. हात तिकडे लोखंडावर आणि डोळे माझ्यावर. नवख्याच्या डोक्यात एका वेळी एकाच गोष्टीला जागा असते आणि ती जागा माझं बोलणं अडवून बसलं होतं. त्याला काही येत नव्हतं म्हणून मी बोलत होते आणि मी बोलत होते म्हणून त्याला येत नव्हतं.

तेव्हापासून मी कमी बोलायला लागले. कारण वर्गात सांगायचं, मशीनवर नाही. मशीनवर एका वेळी एकच गोष्ट, तीही आधी करून दाखवायची, आणि मग मागे उभं राहायचं. फरक पडला. मुलं स्वतः चुकायची, स्वतः थबकायची, स्वतःच "अरे" म्हणायची, आणि एकदा ज्याचं त्याला कळलं की परत सांगावं लागायचं नाही. ज्यांना कारणाशिवाय हातच उचलत नाही अशीही दोन-चार असायची, त्यांना मी कारण द्यायची. मैत्रिणीची आठवण ठेवून. मी हाताची घडी घालून मागे उभी राहायची आणि मला वाटायचं, मास्तर, मी आता तुम्ही झाले. त्याचा मला गर्व होता.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. विक्रोळीचीच, एकोणीस वर्षांची. आई शिवणकाम करते. पंधरा मुलगे आणि ही एकटी, आणि प्रश्न सगळ्यांत जास्त हिचेच. "मॅडम, पण का?" हे तिचं पालुपद. बाकीची पोरं वैतागायची, "गप ना ए, जेवायची सुट्टी होऊ दे." मला ती फार आवडायची. वर्गात आवडते विद्यार्थी नसावेत वगैरे सगळं ठीक आहे, ती मला आवडायची.

त्या दिवशी ती मशीनवर आहे. सकाळचे साडेदहा झालेत, खिडकीतून ऊन थेट मशीनवर पडलंय. ती तुकडा धरते, चावीने आवळते, मग तिला काहीतरी आठवतं, माप बघायला वळते. चावी चकमध्ये. मी मागे दोन पावलांवर, हाताची घडी. मला चावी दिसते. मी मनात म्हणते, थांब, तिचं तिला कळेल. याआधी तीनदा तिने स्वतः चूक ओळखली होती, आणि तिसऱ्यांदा तर मागे वळून माझ्याकडे बघून हसली होती. आताही कळेल. आता वर बघेल. माप ठेवते, चष्मा सारखा करते, हात बटणाकडे जातो. मी तोंड उघडते. एवढंच. आवाज बाहेर पडला की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

उडालेल्या चावीने जबडा दोन ठिकाणी मोडला. दात गेले. शस्त्रक्रिया झाल्या, आता ती जेवते, बोलते. पण तोंडाची डावी बाजू बधिर आहे, बोलताना शब्द त्या कोपऱ्यातून निसटतात, म्हणून ती फारसं बोलत नाही. टर्नरचं शिक्षण सोडलं. तिची आई मला म्हणाली, मॅडम, ती घरातल्या मिक्सरलाही हात लावत नाही.

संस्थेने चौकशी केली. माझा जबाब मी माझ्या हाताने लिहिला. प्रशिक्षणार्थीस चावीबाबत वेळोवेळी सूचना दिल्या होत्या. पुरावा म्हणून तिची वही जोडली. तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं होतं, चावी चकमध्ये राहिल्यास काय होते, आकृतीसह, आणि शेजारी माझी लाल शाईची बरोबरची खूण. दहापैकी दहा. ती वही बघून सगळ्यांनी मान डोलावली. प्रशिक्षणार्थीचे दुर्लक्ष, असा निष्कर्ष निघाला. मी इतकं चांगलं समजावलं होतं, मास्तर, की तिच्याविरुद्ध दुसरा पुरावा लागलाच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी भांडुपच्या बाजारात आपल्या गाळ्यातले वायरमन काका भेटले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण स्मरण खणखणीत. मी त्यांना अपघाताचं सांगितलं, सगळ्यांना सांगते तसं, म्हणजे अर्धंच. म्हटलं, मास्तर उभे राहायचे तशीच मागे उभी होते. त्यांनी विचारलं, "तशीच म्हणजे? तुझा हात कुठे होता?"

"हात?"

"अगं, मास्तरांचा डावा हात खांबावरच्या मेन स्विचवर असायचा ना. तू बटण दाबायच्या आधी चावी राहिलेली दिसली की खाली ओढायचे. तुझं मशीन सुरू व्हायचं नाही ते काय आपोआप? मीच त्यांना तो स्विच खांबावर खाली घेऊन दिला होता, तुला मशीनवर घेतलं त्या आठवड्यात. मी बोललो पण, सांगत का नाही तिला? तर बोलले, सांगितलं तर ती स्विचच्या भरवशावर राहील."

भाजीची पिशवी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. ते बिचारे घाबरले, बस म्हणाले, पाणी आणू का म्हणाले. मशीन कधीच हट्टी नव्हतं. मी कधी मागे वळून बघितलं नाही, कारण तुम्हीच शिकवलं होतंत, लेथसमोर उभं असताना नजर कामावरून हलवायची नाही. मी तुमचं गप्प राहणं बघितलं, कारण तेवढंच माझ्यापर्यंत पोहोचत होतं. तुमचा हात बघितला नाही. संस्थेतही प्रत्येक मशीनला असा स्विच आहे. त्या दिवशी तो माझ्या उजव्या खांद्यामागे भिंतीवर होता आणि माझे हात घडी घातलेले होते.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे. पोळ्या लाटताना, रिक्षात, वर्गात मध्येच. लेथ शिकवताना तुम्ही सांगितलं नाहीत ते बरोबर होतं, मला पटलंय, मी त्याच्या जिवावर जगले. पण मी शिकवायला निघाले तेव्हा तर सांगायचं होतंत. शिकवण्यातही मी नवखीच होते ना? पाठी उभी रव म्हणे. एक वाक्य आणखी बोलला असतात तर काय झालं असतं? खोकला होता, मला माहीत आहे. दमला होतात. कदाचित तुम्हाला वाटलं असेल, ही विचारेलच, हिला 'का' विचारायची खोडच आहे, मग सांगू. आणि मी पेढ्यांचा पुडा सोडत बसले. कधी कधी वर्गात मागे उभी असते आणि विडीचा वास येतो. आमच्या संस्थेत कुणी विडी ओढत नाही. मी आता एक हात स्विचवर ठेवूनच उभी राहते. वास जात नाही.

गेल्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. विक्रोळीत एका दुकानात बिलं करायला लागली आहे. इकडचं तिकडचं बोलली, मग थांबली. तिच्या जिभेला शब्द जमवायला वेळ लागतो, मला ऐकू येत होतं. "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी माझंच लक्ष नव्हतं ना? आई बोलते तू धांदरट आहेस. मला आठवतच नाही काय झालं. तुम्ही मागेच होतात, तुम्हाला दिसली असती तर तुम्ही बोलला असतात ना?"

तिने आरोप केला नाही, मास्तर. ती नेहमीसारखी विचारत होती, तिला समजून घ्यायचं होतं. अपघात झाला तोवर मी सतरा वर्षं मुलांना समजावण्यात घालवली होती. एका वाक्यात मी तिला समजावून सांगू शकले असते, की तू धांदरट नाहीस, तुझ्या वयात मी आठ वेळा तेच केलं होतं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला आपलं काम येत होतं. मी म्हटलं, "नाही गं, मला नाही दिसली. असू दे, होतं असं." ती म्हणाली, बरं मॅडम. तिने पुढे 'का' विचारलं नाही.

सहा दिवस झाले. तिचं घर इथून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे आणि ती रविवारी घरी असते. मी सकाळी वही काढली ती तिलाच लिहायला. पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं, पान फाडलं आणि दुसऱ्या पानावर तुमच्यापासून सुरुवात केली, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.